रेव्हरंड नारायण वामन टिळक : ख्रिस्ती होणे म्हणजे काय?

प्रास्ताविक

आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळाचा अभ्यास करताना केशवसुतांच्या बरोबरीने रेव्हरंड टिळकांचे नाव येते. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख शालेय पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. 'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीवरची कविता आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाठही केली असेल. नावाआधीचे 'रेव्हरंड' हे बिरुद मात्र आपण सहसा ओलांडून पुढे जातो. (आडनावाच्या सारखेपणामुळे काही विद्यार्थी लोकमान्य टिळकांशी त्यांचा गोंधळ करतात, तो टाळावा. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याशी संबंधित आणि समकालीन असले, तरी त्यांचे मार्ग अगदी वेगळे आहेत.) या घटकात आपण त्या बिरुदापाशीच थांबणार आहोत. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ही चरित्रातील एक नोंद म्हणून एका वाक्यात सांगता येते. परंतु ख्रिस्ती होणे म्हणजे नेमके काय होणे, या प्रश्नाने त्यांना त्यानंतरची चोवीस वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. त्यांची कविता, त्यांचा संसार, मिशनशी असलेले त्यांचे नाते आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी घेतलेला निर्णय हे सारे त्या एका प्रश्नाशी जोडलेले आहे.

तत्कालीन समाजात ख्रिस्ती होण्याचा अर्थ

टिळकांच्या निर्णयाचे वजन कळण्यासाठी त्या काळात ख्रिस्ती या शब्दाला कोणते अर्थ चिकटलेले होते, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे उभारले. १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे त्यांचे नियतकालिक निघू लागले. शाळा, दवाखाने, छापखाने यांच्याद्वारे मिशनांचा वावर महाराष्ट्रात वाढला. धर्मांतरे संख्येने थोडी होती, पण त्यांपैकी काहींनी मोठी खळबळ उडवली. १८४८ मध्ये काशीत राहणारे नीलकंठशास्त्री गोरे, १८५४ मध्ये 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाई यांनी बाप्तिस्मा घेतला. ही माणसे विद्वान होती. पोटासाठी धर्म सोडला, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नव्हते आणि म्हणूनच समाजाला त्यांचा अधिक राग आला.

१८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. कायद्याला जे करता आले ते त्याने केले, पण पंगतीत बसवून घेण्याची सक्ती कायदा करू शकत नव्हता. ज्ञातीच्या दृष्टीने ख्रिस्ती होणारा माणूस मेल्यात जमा होई. त्याच्या हातचे पाणी चालत नसे आणि त्याच्या पत्नीला, मुलांना, भावंडांना त्याच्याशी संबंध ठेवायचा की जातीत राहायचे यांतून एक निवडावे लागे. या कडकपणाची कल्पना एका प्रसंगावरून येते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. एवढ्या कारणावरून ग्रामण्याचे प्रकरण उभे राहिले, ते शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. मिशनच्या घरातील चहाची ही किंमत होती. यानंतर पाचच वर्षांनी एका चित्पावन ब्राह्मण कवीने बाप्तिस्मा घेतला.

दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ख्रिस्ती म्हणजे साहेबाच्या धर्माचा, साहेबाच्या पगारावर जगणारा, साहेबी कपडे घालणारा आणि परक्या चालींवर गाणी म्हणणारा माणूस, अशी लोकांची समजूत होती. ती निव्वळ द्वेषातून आलेली नव्हती. बरेचसे उपदेशक खरोखरच मिशनचे नोकर होते आणि चर्चमध्ये गायिली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजी छंदांत बसवलेली भाषांतरे होती. टिळकांना पुढे या दोन्ही बाजूंशी झगडावे लागले. एका बाजूला त्यांना बाहेर टाकणारी ज्ञाती होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांना आत घेणारी, पण आपल्या पद्धतीने घेणारी, संस्था होती.

घडण

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक होत्या आणि त्यांना काव्याची आवड होती. मुलाचा सारा ओढा आईकडे होता. तो लहान असतानाच आई गेली आणि त्यानंतर त्याचे घरात मन रमले नाही. घर सोडून तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले आणि इंग्रजीही थोडेफार शिकला. पद्धतशीर शालेय शिक्षण त्याला मिळालेच नाही. पुढे टिळकांच्या ठिकाणी जी व्युत्पन्नता दिसते ती बहुतेक स्वकष्टार्जित आहे.

१८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. लग्नानंतरची पहिली वर्षे विलक्षण अस्थिर होती. टिळक एका गावात फार काळ टिकत नसत. शिक्षकाची नोकरी, व्याख्याने, कविता, नियतकालिकाचे संपादन असे अनेक उद्योग त्यांनी केले. हाती पैसा आला की तो गरजूला देऊन मोकळे व्हायचे आणि घरी काय शिजणार याचा विचार मागाहून करायचा, ही त्यांची रीत होती. चरित्रकार या वृत्तीला औदार्य म्हणतात. चूल पेटवायची जबाबदारी जिच्यावर होती, तिला ते औदार्य किती महाग पडले, हे 'स्मृतिचित्रे' वाचताना कळते. तरीही या वृत्तीकडे केवळ बेफिकिरी म्हणून पाहता येणार नाही, कारण पुढच्या त्यांच्या सर्व निर्णयांत तीच पुन्हा दिसते. मनाला जे पटले त्यासाठी हातातले सोडून देण्यास त्यांना वेळ लागत नसे.

नागपुरात त्यांना अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. वैदिक वाङ्मयाशी संबंधित काम आणि 'ऋषी' या नियतकालिकाचे संपादन यांमुळे धर्मविचार हा त्यांचा रोजचा विषय झाला. ते परंपरेचे अभ्यासक होते, पण परंपरेवर समाधानी नव्हते. जातिभेद त्यांना मान्य नव्हता, मूर्तिपूजेवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. ईश्वर एक असून सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, या पायावर एखादा नवा धर्मच उभारावा, असे विचार त्यांच्या मनात घोळत होते. म्हणजे ख्रिस्ताशी परिचय होण्याआधीच प्रश्न तयार होता. चरित्राच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. मिशनऱ्यांनी एका भोळ्या माणसाला फशी पाडले, हा त्या काळचा लोकप्रिय समज येथे लागू पडत नाही.

आगगाडीतील भेट आणि बाप्तिस्मा

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले बोलणे धर्माकडे वळले. उतरताना त्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच उतावळेपणाचे वाटले. पुस्तक मात्र त्यांनी वाचायला घेतले. पहिल्या पानांनी त्यांना धरून ठेवले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे थबकले. शत्रूवर प्रीती करावी, दान गुपचूप द्यावे, उद्याची चिंता वाहू नये, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातील मुसळ पाहावे, हा उपदेश त्यांनी शोधलेल्या उत्तरांच्या अगदी जवळचा होता. त्यांना नव्या धर्माची योजना करायची होती आणि तिच्यातील गाभ्याची गोष्ट त्यांना जगलेल्या रूपात सापडली.

यानंतरचा काळ द्विधा अवस्थेचा गेला. त्यांनी अभ्यास केला, मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. मनाने ख्रिस्ताचे होऊन बाहेरून हिंदू राहण्याचा मार्ग खुला होता आणि पुष्कळांनी तो पत्करलेलाही होता. टिळकांना तो अप्रामाणिकपणाचा वाटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. बारीकसा वाटणारा हा तपशील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. आपण ख्रिस्ताकडे जातो आहोत, साहेबाकडे नव्हे, हे पहिल्याच दिवशी त्यांनी कृतीने सांगितले होते.

लक्ष्मीबाई

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत टिळकांनी दिली नाही, ती लक्ष्मीबाईंनी दिली. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर कोसळली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या आणि मुलगा देवदत्त चार वर्षांचाही नव्हता. त्यांना काही विचारलेले नव्हते. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. सौभाग्याची चिन्हे अंगावर होती, पण संसार उरला नव्हता. सुमारे साडेचार-पाच वर्षे त्या पंढरपूर, नाशिक या भागात आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. या एकाकी काळातच त्यांची स्वतःची कविता जन्माला आली, हा मराठी साहित्याच्या इतिहासातील एक योगायोग म्हणावा लागेल.

कायद्याने टिळकांना दुसरा मार्ग दिला होता. जोडीदार ख्रिस्ती झाला या कारणाने पती किंवा पत्नी सोबत राहण्यास तयार नसेल, तर धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयाकडून विवाहबंधन मोडून घेता येईल, अशी तरतूद १८६६ च्या कायद्यात होती. टिळकांनी ती वापरली नाही. त्यांनी पत्नीची वाट पाहिली, पत्रे लिहिली, पैसे पाठवले, भेटण्याचा प्रयत्न केला. पत्नीला विश्वासात न घेता बाप्तिस्मा घेणे हा तिच्यावरचा अन्याय होता, असे आज आपल्याला वाटते आणि तसे म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्यानंतर तिच्यावर धर्माची सक्ती न करणे, हे त्या काळच्या पतीच्या मानाने असाधारण होते, हेही त्याच न्यायाने नोंदवले पाहिजे.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला पतीजवळ आल्या, त्या आपल्या अटींवर. त्यांचे सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा आणि पाणी वेगळे होते. ख्रिस्ती पाळकाच्या घरात एक ब्राह्मण स्त्री आपला आचार पाळून राहत होती. टिळकांनी ही सर्व व्यवस्था निभावून नेली. धर्मग्रंथातील वाक्ये ऐकवून त्यांनी तिला वळवले, असे घडले नाही. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि त्या बदलाचा क्रम मोठा उद्बोधक आहे. जातीजातींतील भेद देवाने केलेले नाहीत, ते माणसांनी केले आहेत, हे त्यांना आधी पटले. पटल्यावर त्यांनी विटाळ टाकला आणि ज्यांच्या हातचे पाणी आजवर वर्ज्य होते त्यांच्या हातचे त्या खाऊपिऊ लागल्या. या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्म्याचा विचार त्यानंतर आला आणि १९०० मध्ये त्यांनी तो घेतला.

टिळक दांपत्याच्या या दोन वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात. पतीने ग्रंथ वाचला, तत्त्व पटले, बाप्तिस्मा घेतला आणि मग जगणे बदलले. पत्नीचे जगणे आधी बदलले, पंगत आधी बदलली आणि बाप्तिस्मा त्यावर केवळ नाव ठेवायला आला. यांतली कोणती वाट अधिक खरी, याचा निवाडा करण्याची गरज नाही. परंतु ख्रिस्ती होणे ही मताची बाब आहे की आचाराची, या प्रश्नावर विचार करताना लक्ष्मीबाईंचे उदाहरण टिळकांच्या उदाहरणापेक्षा अधिक काही सांगून जाते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. टिळकांनाही ते जाणवले असावे, कारण पुढे त्यांच्या विचारात बाप्तिस्म्याचे स्थान हळूहळू बदलत गेले.

अहमदनगर : नवी पंगत

अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून आलेला होता. ब्राह्मण ख्रिस्ती हा तेथे अपवाद होता. म्हणून टिळकांच्या बाबतीत ख्रिस्ती होण्याचा पहिला व्यावहारिक अर्थ असा होता की, पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर ठेवलेल्या माणसांना भाऊ म्हणायचे आणि भावासारखे वागवायचे. व्याख्यानात हे सोपे असते. मिशनच्या संस्थेत धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे अध्यापन त्यांच्याकडे आले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. घरातही माणसांची वर्दळ असे. शतकाच्या वळणावरच्या दुष्काळाने आणि प्लेगने निराधार झालेल्या मुलांना टिळकांच्या घरी आसरा मिळाला. आधीच ओढगस्तीचा संसार आणि त्यात परकी मुले, ही कसरत लक्ष्मीबाईंनी केली.

साहित्यिकांचेही हे घर होते. १९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या मुलाच्या कवितेने श्रोत्यांना थक्क केले आणि बालकवी ही उपाधी त्याला मिळाली. हा मुलगा पुढे काही काळ टिळकांच्या घरी, घरातल्यासारखा राहिला. टिळकांनी त्याची कविता जोपासली, पण त्याला ख्रिस्ती करण्याचा उद्योग केला नाही. धर्मप्रचारकाच्या घरात राहून बालकवी हिंदूच राहिले आणि दोघांच्या स्नेहात त्यामुळे बाधा आली नाही. प्रचारक म्हणून टिळकांची जी प्रतिमा आपल्या मनात असते, तिच्यात हा प्रसंग नीट बसत नाही. प्रतिमा थोडी सैल करावी लागते.

मराठी भक्तीचा पूल

टिळकांचे सर्वांत टिकाऊ कार्य उपासनासंगीताच्या क्षेत्रातील आहे. त्यांच्या आधी मराठी ख्रिस्ती गीते नव्हती असे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' ओवीछंदात सिद्ध झाले होते. अहमदनगरमध्येच कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर गीते रचून ख्रिस्ती कीर्तनाची वाट घातली होती. तरी मंडळीच्या रोजच्या उपासनेत परक्या चालींचे आणि भाषांतरित भाषेचे प्राबल्य होते. इंग्रजी सुरावट आधी ठरलेली आणि मराठी शब्द तिच्यात कोंबलेले, यामुळे ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होई आणि गाणाऱ्याच्या ओठांवर शब्द परके राहत. प्रार्थनेची भाषा परकी असेल तर देवही परका वाटतो, ही अडचण टिळकांनी कवीच्या कानाने ओळखली.

त्यांनी लिहिलेली गीते शेकड्यांनी मोजावी लागतात. 'उपासनासंगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. या रचनांत अभंग आहेत, पदे आहेत, भजने आहेत. त्यांतील ख्रिस्त कधी आई होतो, कधी सखा, कधी सद्गुरू. पित्यासारख्या देवाची कल्पना ख्रिस्ती परंपरेत सर्वत्र आहे, पण विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या प्रदेशात वाढलेल्या कवीला ख्रिस्ताला आई म्हणताना संकोच वाटला नाही. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या वाणीवर पोसलेले मन त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन टाकले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. संतांची भक्ती ही भारतीयांना ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी आहे, असे ते मानत.

या धारणेचे मूल्यमापन करताना सावध राहावे. वारकरी वाचकाला येथे आक्षेप घेता येईल. तुकोबांची भक्ती स्वतःत पूर्ण आहे, ती कशाची पायरी नाही, असे तो म्हणेल आणि त्याचे म्हणणे आपल्या जागी योग्य आहे. उलट त्या काळच्या कर्मठ ख्रिस्ती वाचकाला टिळक मूर्तिपूजकांच्या संतांना नको तितके मोठे करतात, असे वाटले. टिळक या दोघांच्या मध्ये उभे होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने एवढे पाहावे की, अभंगासारखा छंद विशिष्ट भावस्थिती घेऊनच येतो. आर्तता, लीनता, देवाशी सलगीने केलेले भांडण हे सारे त्या छंदात मुरलेले आहे. टिळकांनी छंद घेतला तेव्हा ही भावस्थितीही आली. परिणामी मराठी ख्रिस्ती माणसाच्या धर्मानुभवाला एक मराठी स्वर मिळाला. शेवटच्या वर्षांतील 'अभंगांजली'त हा स्वर सर्वांत निवळलेला आढळतो. तेथे उपदेशक मागे सरला आहे आणि स्वतःचे अपुरेपण ओळखणारा भक्त तेवढा उरला आहे.

त्यांच्या निसर्गकवितेकडेही या संदर्भात पुन्हा पाहता येईल. फूल, पाखरू, मूल हे त्यांचे आवडते विषय. डोंगरावरील प्रवचनात रानातील फुले आणि आकाशातील पाखरे यांचा दाखला देऊन निश्चिंततेचा उपदेश येतो आणि येशूच्या शिकवणुकीत लहान मुलांना अग्रस्थान आहे. टिळकांना फुलामुलांचे वेड त्याआधीही होते, त्यामुळे हा प्रभाव एकेरी मानू नये. नव्या धर्मात त्यांना आपलेच आवडते विषय भेटले, असे म्हणणे अधिक रास्त होईल. 'वनवासी फूल' किंवा 'सुशीला' यांसारख्या दीर्घ रचना वाचताना हा धागा मनाशी ठेवावा.

१९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. येथे त्यांच्या देशप्रेमालाही वाव मिळाला. ख्रिस्ती माणूस राष्ट्राला पारखा होतो, हा आरोप त्यांना फार झोंबत असे. स्वतःची वेशभूषा, राहणी, भाषा, उपासना या सर्वांतून ते त्याला उत्तर देत राहिले. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, ही गोष्ट आज उघड वाटते. त्या काळी ती दोन्ही बाजूंना पटवून द्यावी लागत होती.

देवाचा दरबार

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर टिळकांच्या जीवनाने आणखी एक वळण घेतले. मिशनच्या कामाला त्यांनी दोन दशके वाहून घेतली होती. व्यक्तिशः अनेक मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता. तरीही एक शल्य होते. भारतीय मंडळी परदेशी पैशावर उभी आहे, तिचे उपदेशक पगारी आहेत आणि पगार देणारा व घेणारा यांच्यात बंधुभाव नांदणे कठीण आहे, हे त्यांना रोज दिसत होते. पगारी माणसाने ख्रिस्ताचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला त्या नावामागे वेतनपत्रक दिसते. शिवाय चर्चभोवती एक कुंपण तयार झाले होते. ख्रिस्तावर मनापासून प्रेम करणारे, पण घरदार आणि ज्ञाती सोडण्याचे धैर्य नसलेले किंवा तसे सोडणे गैर मानणारे लोक त्या कुंपणाबाहेर होते. लक्ष्मीबाईंनी कधीकाळी त्या कुंपणाबाहेरूनच जातिभेद टाकला होता, याची आठवण टिळकांना झाली असेल काय? निश्चित सांगता येत नाही, पण वाचकाला ती झाल्याशिवाय राहत नाही.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी सेवेतून निवृत्ती घेतली. उतारवयात, गाठीला काही नसताना, घर चालण्याचा एकमेव निश्चित आधार त्यांनी सोडला. नागपूरच्या काळातील हातचे सोडून देणारा तरुण येथे पुन्हा दिसतो, फक्त आता त्याला आपण काय सोडतो आहोत याची पुरती जाणीव आहे. साताऱ्याला राहून त्यांनी 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात एका पातळीवर एकत्र येतील, जात नसेल, परदेशी सत्ता नसेल, पगार नसेल, अशी ती योजना होती. संन्याशाची वृत्ती, आश्रमाची राहणी, भजनकीर्तन आणि सेवा ही त्या जीवनाची अंगे होती. दरबार हा शब्दही पाहावा. चर्च, मंडळी, मिशन हे शब्द हाताशी असताना त्यांनी साऱ्या देशाला ओळखीचा असलेला शब्द निवडला. देवाच्या दरबारात कोणालाही दाद मागता येते आणि द्वारपाल माणूस नसतो, हा त्यातील भाव आहे.

आपल्या बाप्तिस्म्याचा त्यांना पश्चात्ताप झाला होता, असा याचा अर्थ काही वाचक लावतात. तो बरोबर नाही. बाप्तिस्मा त्यांनी कधी नाकारला नाही आणि चर्चशी असलेले नातेही तोडले नाही. आपण ज्या दारातून आत आलो, त्याखेरीज दुसरे दारच नाही, असा हट्ट मात्र त्यांनी सोडला. चर्चमधील पुष्कळांना हे धोक्याचे वाटले. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व मानले तर चर्चची सीमा कोठे आखायची, हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. टिळकांनी त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर दिले नाही. ते ईश्वरशास्त्राचे पंडित नव्हते, कवी होते आणि प्रश्न जगून पाहण्याची त्यांची पद्धत होती.

ती जगून पाहण्यास त्यांना फार वेळ मिळाला नाही. दरबार नीट बाळसे धरण्याआधीच त्यांची प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे संस्थापक नसलेली संस्था टिकली नाही. पण जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यावर टिळकांचा ठसा उमटला होता. त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि पुढे भारतीय व युरोपीय यांनी आश्रमपद्धतीने एकत्र राहण्यासाठी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला.

टिळकांच्या टेबलावर ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरे राहिले होते. 'ख्रिस्तायन' हे त्याचे नाव. सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून पूर्ण झाले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. ज्या धर्माने आपला संसार एकदा मोडला, त्या धर्माच्या संस्थापकाचे चरित्र त्या वृद्धपणी अध्यायामागून अध्याय रचत राहिल्या. त्याच सुमारास त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहायला घेतली. तिचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. टिळकांनी लिहिलेल्या अध्यायांपेक्षा त्यांनी रचलेले अध्याय संख्येने कितीतरी अधिक आहेत.